सँटोरिनीची बिनपाण्याची द्राक्षं जतच्या माळावर येतील का?

माळावरचा_जतकर

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबचा आहे पण पूर्ण वाचा मग सांगा. आमची बाग जत तालुक्यात उमदीच्या अंगाला, माणिक चमन जात, डॉगरीज खुंटावर (म्हणजे खालचं मूळ डॉगरीजचं, वर कलम), सगळा माल बेदाण्याला. पाणी म्हणजे बोअर आणि शेततळं, ते दोन्ही आटलं की टँकर, आणि एप्रिल छाटणी झाल्यावर टँकरनं बाग जगवायची हे आता दरसालचंच झालंय. औषधाचा खर्च परवडला पण पाण्याचा नको अशी वेळ आलीय.

तर मधी मोबाईलवर ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासनं डोक्यातनं जाईना. तिथं असिर्तिको म्हणून पांढरी द्राक्ष आहे, वाईनची, तिथलीच मूळची. वर्षाचा पाऊस तीनशे-चारशे मिलीमीटर, तोसुद्धा सगळा थंडीत, उन्हाळाभर आभाळातनं थेंब नाही, आणि तरी बागेला ठिबक नाही, मांडव नाही, वाय (वेल चढवायचा Y आकाराचा आधार) नाही, काहीच नाही. वेल जमिनीलगत गोल गुंडाळलेला आणि घड त्या गोलाच्या आत. काही वेलांची मुळं शंभर वर्षांच्या वरची आहेत म्हणत होते. आमच्याकडं त्याच्यापेक्षा जास्त पाऊस पडतो आणि बाग पंधरा वर्षांत उतरते, काढून टाकायची वेळ येते.

आता माझं म्हणणं असं की शाळेत शिकलोय आपली जमीनपण ज्वालामुखीच्याच दगडाची, म्हणजे तिथली आणि इथली माती एकच झाली की. मग ती काडी इकडं आणून माळावर लावली तर? किंवा काडी राहू द्या, नुसती ती गोल वळवायची पद्धत आपल्या माणिक चमनला केली तर मांडवाचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचेल का? आणि समजा वाईनची द्राक्षं आलीच तर घेणार कोण, पलूसला वाईन पार्क झालेलं, तिकडच्यांचा अनुभव काय? घर माळकरी आहे, कोणी पीत नाही, पण वडील म्हणाले शेतात येणारं पीक असेल तर विचारून तर बघ. ज्यांनी बघितलंय किंवा केलंय त्यांनी सांगा, ऐकीव नको.

मिरजेचा_दर्यावर्दी

जतकर भाऊ, मी बघितलंय म्हणून लिहितो. मी मिरजेचा, क्रूझच्या जहाजावर किचनमध्ये आहे, उन्हाळ्याच्या सीझनला आमचं जहाज सँटोरिनीला जातं. बेट म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची कड आहे, मधल्या खड्ड्यात समुद्र शिरलाय, जहाज तिथंच पाण्यात थांबतं आणि माणसं छोट्या बोटीनं किनाऱ्याला जातात. पॅसेंजर सगळे पांढरी घरं आणि निळ्या घुमटांचे फोटो काढायला पळतात. मी सुट्टी मिळाल्यावर बस धरून पिर्गोसला गेलो, कारण बागा तिकडं आणि मेगालोखोरीच्या बाजूला. ऑगस्ट होता, तोडणी चालू होती, ग्रीसमध्ये सगळ्यात लवकर द्राक्ष तोडणाऱ्या भागात हे बेट येतं.

लांबून बघितलं तर तिथं बाग आहे हे कळतच नाही. राखाडी भुसभुशीत जमीन, हलक्या दगडांनी भरलेली, आणि त्यात अंतराअंतरावर हिरवे पुंजके, गुडघ्याच्याही खाली. जवळ जाऊन वाकलो तर काड्या एकात एक गुंफून, बायका डोक्यावर घागर घेताना चुंबळ करतात तसं जाड कडं केलेलं, पोटात घड आणि वरनं पानांचं छप्पर. ह्याला ते कुलूरा म्हणतात. दरवर्षी छाटणीच्या वेळी नव्या काड्या त्याच कड्यात गुंफायच्या, त्यामुळं ते वर्षागणिक जाड होत जातं. सत्तर-ऐंशी वर्षांनी वेल थकला की बुंध्याशी कापतात, मग खालच्या जुन्या मुळातनं नवी फूट येते आणि पहिल्यापासनं परत कडं विणायचं. म्हणजे वरचं लाकूड तरुण पण मुळं कितीतरी पिढ्यांची, तू व्हिडिओत ऐकलंस ते हेच. एखादा वेल मेला तर शेजारच्या वेलाची काडी मातीत दाबून तिथं नवीन करतात.

हे एवढं खाली का ठेवतात ते तिथं थोडा वेळ उभं राहिलं की कळतं. वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडनं मेल्तेमी वारा सुटतो, दिवस दिवस थांबत नाही, माणसाला सरळ चालू देत नाही. मांडव टिकलाच नसता. वाऱ्याबरोबर खरखरीत वाळू उडते ती उघड्या घडावर बसली तर मण्याची साल फाटते, कड्याच्या आत मणी वाचतात आणि उन्हानं भाजतपण नाहीत. पाण्याचं म्हणशील तर रात्री-पहाटे समुद्रावरनं दमट हवा आणि धुकं येतं, तो सच्छिद्र दगड ओल शोषून घेतो, हिवाळ्यातल्या पावसाचं पाणीही तोच धरून ठेवतो. तेवढ्यावर वेल निघतो.

पण भाऊ, निघतो म्हणजे आपल्यासारखा लदत नाही. एकरी जेमतेम टनभर माल, कोरड्या वर्षी त्याच्याही खाली. एकरी दहा-बारा टनाचा हिशोब डोक्यात धरून तिकडं बघशील तर काहीच जुळणार नाही. आणि सगळं काम कंबरेत वाकून, ट्रॅक्टर घालायला जागा नाही. तोडणारे लोक बघितले, दिवसभर वाकलेले. बागांच्या मधी मधी व्हिला आणि हॉटेलं उठलीत, पोरं हॉटेलात कामाला जातात, बेटावर मिळून आता हजार-बाराशे हेक्टर द्राक्ष राहिलीय, म्हणजे आपल्या एका तालुक्याएवढीसुद्धा नाही. १९५६ च्या भूकंपात घरं पडली तेव्हा पुष्कळ लोक बेट सोडून गेले ते गेलेच, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हादऱ्यांवर हादरे बसायला लागले तेव्हा परत हजारो लोकांना काही आठवडे बाहेर जावं लागलं. अशा जागी लोकांनी ती द्राक्ष टिकवलीय ह्याचं मला खरंच मोठं वाटतं.

जाता जाता, तिथं बिनपाण्याची नुसती द्राक्षच नाही. बारके टोमॅटो होतात, एकदम गोड-आंबट, आणि फावा म्हणून पिवळी डाळ होते, ती आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातली. शिजवून घोटून वर ऑलिव्हचं तेल आणि कांदा. मी जहाजावर करतो ती, पण गावातल्या खानावळीत खाल्ली ती चव वेगळीच.

कराडचे_मातीवाले

दर्यावर्दींनी छान लिहिलंय, डोळ्यासमोर आलं. मी मातीवर लिहितो कारण जतकरांचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यावर उभा आहे, दोन्ही माती ज्वालामुखीच्या म्हणजे एकच. तसं नाही. सँटोरिनीचा तो मोठा स्फोट साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, मातीच्या हिशोबानं कालचाच. त्या वेळी बेटावर जी राख आणि हलका सच्छिद्र दगड पडला त्यावरच आज वेल उभे आहेत. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तो इतक्या पावसात कुजून झिजून त्याची चिकणमाती झालीय. आपल्या काळ्या रानात निम्म्याच्या आसपास किंवा जास्तसुद्धा चिकणमाती सापडते, म्हणून तर ती उन्हाळ्यात भेगाळते. सँटोरिनीच्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाहीच. जतच्या मुरमाड माळावर चिकण कमी असेल पण तिथं चुनखडी आणि क्षार येतात, ते वेगळं दुखणं.

ह्या चिकणमाती नसण्याचा त्यांना एक फार मोठा फायदा झाला. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा शिरला, मुळावर जगणारा बारीक किडा, अमेरिकेतनं आलेला, आणि पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बहुतेक बागा त्यानं संपवल्या. तेव्हापासून युरोपात अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्ष लावता येत नाही अशी परिस्थिती आहे. हा किडा मातीच्या भेगांतनं एका मुळावरनं दुसऱ्या मुळावर जातो, राखेच्या-वाळूच्या मातीत त्याला टिकता येत नाही. म्हणून सँटोरिनीचे वेल आजही स्वतःच्या मुळावर आहेत आणि म्हणूनच ते बुंध्याशी कापून जुन्या मुळातनं नवा वेल काढणं जमतं. कलमी वेल बुंध्याशी कापला तर वर येणार तो खुंट, डॉगरीज, ज्याला आपल्या कामाचं फळ नाही. आपल्याकडं खुंट आला तो किड्यासाठी नाही, खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी आला. जतच्या बोअरच्या पाण्यावर स्वमुळाची बाग लावायचा विचार मनातनं काढा.

दुसरं हवामान. त्यांचा पाऊस थंडीत, वेल झोपलेला असताना. वेल जागा होतो तेव्हा जमिनीत पाणी साठलेलं आणि वरचं आभाळ कोरडं, म्हणून रोग कमी. आपला वेल झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि पीक एकदाच घेतो. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस आला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी घड जमिनीपासून वीतभर उंचीवर पानांच्या गर्दीत बसलेले असतील तर हवा खेळणार नाही, फवारा आत पोचणार नाही, डावण्या (पानावर-घडावर येणारी बुरशी) आणि घडकुज सगळं साफ करून जाईल. कुलूरा ही कोरड्या वादळी उन्हाळ्यासाठी काढलेली रचना आहे. शिवाय माणिक चमनला काडीवरचे खालचे डोळे फळत नाहीत, मधल्या डोळ्यांवर घड येतो, त्यासाठी काडी मोकळ्या उन्हात पक्व व्हावी लागते. एकात एक गुंफलेल्या गर्दीत सूक्ष्म घडनिर्मितीच होणार नाही. मांडव किंवा वाय सोडू नका.

पलूसची_बागाईतदार

जतकर, तुम्ही पलूसचं विचारलंत, मी पलूसचीच. आमच्या घरी वाईनची द्राक्षं होती, सांगते सगळं.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, पलूस आणि नाशिककडं विंचूरला वाईन पार्क झाले. त्या वेळी जिकडं तिकडं तीच चर्चा, टेबल द्राक्षाला, म्हणजे खाण्याच्या, थिनिंग (मणी विरळणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), मजूर, एक्स्पोर्टची धास्ती, आणि वाईनच्या द्राक्षाला ह्यातलं काहीच नाही, मणी बारीक असला तरी चालतो, दर आधी ठरलेला. लोकांनी शिराझ, कॅबरने, शेनिन लावली. आम्हीपण लावली. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग २००८-०९ च्या मंदीत वाईनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि ज्या वायनरीबरोबर आमचा करार होता त्यांनी त्या सीझनला माल उचललाच नाही. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, बिया मोठ्या, साल जाड, मणी एवढासा, खाणारा घेत नाही. बेदाणा करावा तर बियांचा बेदाणा कोण घेणार. माल वेलावर वाळला. आजूबाजूच्या कितीतरी जणांनी बागा उपटल्या, आमच्या सासऱ्यांनीपण उपटली आणि तिथं ऊस आला. त्या वायनरीचं नाव मी घेत नाही, ती आता नाहीही. पण घेणारा एकच आणि पिकवणारे शंभर असं असलं की कागदाला काही अर्थ राहात नाही एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आता असिर्तिकोचं. ही जात मला खरोखर महत्त्वाची वाटते आणि कारण तुमच्या पाण्याच्या प्रश्नापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडं वाईनच्या द्राक्षाची खरी अडचण आंबटपणाची. फेब्रुवारी-मार्चला ऊन चढतं तशी साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच भराभर उतरतो, मग वाईन मिळमिळीत होते आणि वायनरीवाल्यांना टार्टरिक ॲसिड घालायला लागतं. असिर्तिको कडक उन्हात पूर्ण पिकते, तेरा-चौदा टक्के अल्कोहोलची वाईन होईल एवढी साखर धरते आणि तरी आंबटपणा सोडत नाही. पांढऱ्या जातींत हे दुर्मिळ. त्यात सँटोरिनीच्या मातीत पोटॅश फारच कमी आहे, त्यामुळं रसाचा पीएच खालीच राहतो. आपण काय करतो, मणी फुगायला आणि गोडी यायला शेवटी शेवटी शून्य शून्य पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, सोडतो. वाईनच्या द्राक्षाला टेबल द्राक्षाच्या सवयीनं पोटॅश सोडलं की रसातला आंबटपणा तिथंच मरतो. आमच्या वेळी हे कोणी धड सांगितलं नव्हतं, जो तो आपल्या खाण्याच्या द्राक्षाचंच शेड्यूल वापरत होता.

आणि दर्यावर्दी म्हणतात एकरी टनभर, तर त्यांना ते परवडतं कसं हे बघा ना. १९७१ पासून त्या बेटाच्या वाईनला नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. बाटलीवर सँटोरिनी लिहायचं तर द्राक्ष त्या बेटांवरचीच पाहिजे आणि त्यात मोठा हिस्सा असिर्तिकोचाच पाहिजे. शेतकऱ्यांचा सहकारी संघ आहे, सँटो, तो स्वतः वाईन करून विकतो, आणि शिवाय खाजगी वायनऱ्या द्राक्षासाठी एकमेकांवर चढ करतात. अलीकडच्या वर्षांत द्राक्षाचा दर किलोला पाच युरोच्या वर गेलाय, म्हणजे आपले साडेचारशे-पाचशे रुपये. तरीसुद्धा तिथला शेतकरी जमीन हॉटेलला विकतोय, कारण जमिनीचा भाव त्याच्याही वर. म्हणजे दर हीच एकटी गोष्ट नाही हेही खरं. पण एक टनात घर चालतं ते नावामुळं, वेल गोल वळवल्यामुळं नाही.

तासगाव_सौदेवाला

ताईंनी लाखातलं सांगितलं. मी तासगावात बेदाण्याच्या सौद्यात बरीच वर्षं आहे, माझ्या विषयापुरतं बोलतो.

जतकर, तुमचा माल बेदाण्याला जातो म्हणता, तर सँटोरिनीच्या कोरड्या वाईनपेक्षा तुम्ही तिथल्या विन्सांतोकडं बघा. ही गोड वाईन, आणि ती वाळवलेल्या द्राक्षाची करतात. उशिरा तोडलेले असिर्तिकोचे घड, थोडी आयदानी आणि अथिरी ह्या तिथल्या दुसऱ्या जाती सोबत, निम्म्याच्या वर असिर्तिको पाहिजेच असा नियम, ते उन्हात दहा-चौदा दिवस पसरायचे, मग रस काढून मुरवायचं आणि कमीत कमी दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवायचं. कित्येक जण त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त ठेवतात. वाळवायचे दिवस आपल्या शेडएवढेच बघा. फरक असा की आपण लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून, सावलीत रॅकवर टाकून, हिरवा-पिवळा रंग राखायला धडपडतो, आणि ते काही न बुडवता थेट उन्हात टाकतात आणि काळपट होऊ देतात, रंग त्यांना नकोच आहे. बुडवायची पद्धतसुद्धा मूळची त्याच मुलखातली बरं का, एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरायचे, ती ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथनं आपल्याकडं आली. आणि आपलं थॉमसन म्हणजे तिकडची सुलतानिना. तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका सगळी तिचीच लेकरं. क्रेट बेटावर आजसुद्धा सुलतानिना आहे. तेव्हा ग्रीसची काडी आणायची म्हणताय तर एक नातेवाईक आधीच तुमच्या बागेत उभा आहे.

आता ताई म्हणाल्या त्या एकाच गिऱ्हाइकाची गोष्ट. ग्रीसच्या इतिहासात हेच एवढं मोठं घडलंय की अख्खा देश हलला. दक्षिणेला पेलोपोनीझ भागात काळा बारीक बिनबियांचा बेदाणा होतो, कोरिंथचा, इंग्लंडला केकमध्ये घालायला जायचा. फिलॉक्सेरानं फ्रान्सच्या बागा मेल्या तेव्हा फ्रान्सच्या व्यापाऱ्यांनी हा बेदाणा भिजवून त्याची वाईन करायला सुरुवात केली. मागणी एवढी की तिथल्या लोकांनी ऑलिव्हची झाडं तोडून द्राक्ष लावली, कर्ज काढलं. मग फ्रान्सनं कलमी बागा उभ्या केल्या, स्वतःच्या शेतकऱ्याला वाचवायला बाहेरच्या बेदाण्यावर जकात वाढवली, आणि १८९३ ला दर कोसळला. त्याच वर्षी ग्रीसच्या सरकारनं दिवाळं जाहीर केलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या भागातनं लाखांनी माणसं अमेरिकेला गेली. हे मी पोरांना सौद्यात नेहमी सांगतो, कारण अफगाणी माल आला की आपला दर कसा खाली येतो ते दरवर्षी बघतोय.

माझं सांगणं असं की सांगलीच्या बेदाण्याला २०१६ पासनं जीआय (भौगोलिक नावाचं संरक्षण) आहे, म्हणजे सँटोरिनीला जे १९७१ ला मिळालं त्याच जातीचा कागद आपल्या हातात आहे. पण बॉक्सवर ते नाव टाकून, स्वतःचा कोड टाकून माल विकणारे किती? माल सौद्यात येतो, तिथनं दिल्ली-इंदूरला जातो आणि पुढं तो कुठला हे कोणाला माहीत नसतं. जतच्या कोरड्या हवेत जो बेदाणा होतो त्याची गोडी आणि रंग व्यापारी हातात घेतल्यावर ओळखतात, ते नाव गिऱ्हाइकापर्यंत का जाऊ नये?

माळावरचा_जतकर

सगळ्यांचे मनापासनं आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं, वडिलांना रात्री सगळं वाचून दाखवलं. बेदाण्याचा माल जीआयच्या नावानं विकायचं ते आमच्या गटात मांडतो, सौदेवाले काका तुम्हाला त्यासाठी भेटायला येईन. मांडव काढत नाही.

पण मातीवाले सर, काडीचं अजून मनात आहे. विकायला नाही, एक-दोन ओळी, बघायला. दर्यावर्दी भाऊंना येताना चार काड्या बॅगेत टाकून आणायला सांगितलं तर? आणि दुसरं, आहे त्या बागेत पाणी कमी करायला तिथलं काही घेण्यासारखं आहे का?

मिरजेचा_दर्यावर्दी

भाऊ, फोटो पाहिजे तेवढे आणतो, छाटणीचे पण मिळवतो, काडी मात्र आणणार नाही. मी ज्या बागेत उभा होतो तिथं बुटाला माती लागली तरी मी जहाजावर चढायच्या आधी धुतली.

कराडचे_मातीवाले

दर्यावर्दींनी बरोबर केलं. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना, तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला आणि इथं आल्यावर विलगीकरण, ह्याशिवाय एकही काडी आणता येत नाही. आणि हा नुसता कागदी त्रास नाही. फिलॉक्सेरा युरोपात असाच हौसेनं आणलेल्या अमेरिकन रोपांबरोबर गेला. काडीतनं विषाणू येतो तो तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. सांगलीची सगळी द्राक्षशेती एका बॅगेवर लावायची का?

रीतसर आणलं तर किती वेळ लागतो त्याचं उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीचे पीटर बॅरी २००६ मध्ये सँटोरिनीला गेले, असिर्तिको चाखली, आपल्याकडच्या उन्हाला ही जात जमेल म्हणून काड्या मागवल्या. विलगीकरण, मग रोपं वाढवणं, मग लागण. त्यांची वाईन दुकानात आली २०१६ ला. दहा वर्षं, आणि त्यांच्याकडं स्वतःची वायनरी होती. आपल्याकडं हे काम एका शेतकऱ्याचं नाही, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं आहे. तुमचा गट द्राक्ष बागायतदार संघामार्फत तिथं लेखी मागणी करू शकतो की उन्हात आंबटपणा टिकवणाऱ्या जातींच्या चाचण्या दुष्काळी पट्ट्यात घ्या. तशी मागणी शेतकऱ्यांकडनं गेली तर तिला वजन येतं.

पाण्याचं. सँटोरिनीकडनं घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, माती झाकणं आणि वेलावर कमी माल धरणं. तिथं वरचा हलका दगडच आच्छादनाचं काम करतो, खालची ओल वर येऊन उडत नाही. तुम्ही बोदावर उसाचं पाचट चांगलं जाड अंथरा, नळी पाचटाच्या खाली घ्या, फरक पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याच्या मीटरवर दिसेल. एप्रिल छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत घडनिर्मिती होते, त्या टप्प्यात हलका ताण चालतो, उलट फायद्याचा असतो, पाणी तिथं वाचवा आणि मणी सेटिंगनंतरच्या टप्प्याला राखून ठेवा. आणि टँकर घेऊन एकरी बारा टन काढण्यापेक्षा घड विरळून आठ-नऊ टनावर थांबलात तर हिशोब कसा बसतो तो एका एकरात करून बघा, बेदाण्याला मण्यात साखर जास्त भरली तर उतारा पण वाढतो.

पलूसची_बागाईतदार

सरांच्या म्हणण्यात एवढं जोडते की हे सुरू करायच्या आधी बोअरच्या पाण्याचा आणि मातीचा ईसी (क्षार किती ते दाखवणारं माप) तपासून घ्या. पाणी खारं असेल आणि तुम्ही कमी पाणी सोडत राहिलात तर क्षार मुळाशीच साठत जातात, पानाच्या कडा जळायला लागतील आणि तुम्हाला वाटेल ताण जास्त झाला. तसं असेल तर शेततळ्याचं पाणी मिसळून द्या, आणि पावसाळ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की पाचट बाजूला ओढून बोद धुऊन निघू द्या. पुढच्या लागणीला डॉगरीजबरोबर थोडी ११०आर खुंटावरची रोपं घेऊन बघा, आमच्या भावानं कवठेमहांकाळला लावलीत, ह्या एप्रिलला येऊन बघून जा.